घरातील प्लास्टिक : ओळख, निगा आणि दुरुस्ती

तडा गेलेल्या बादलीला झटपट चिकटणारे सोल्यूशन लावतो आणि दोन दिवसांत जोड सुटतो. म्हणून दुरुस्तीआधी वस्तू कोणत्या प्लास्टिकची आहे ते पाहावे.

ओळख : बऱ्याच वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो.

१ – पीईटी : पाण्याच्या बाटल्या
२ – एचडीपीई : तेलाचे कॅन, शाम्पूच्या बाटल्या
३ – पीव्हीसी : नळाचे पाइप
४ – एलडीपीई : पातळ पिशव्या
५ – पॉलिप्रोपिलीन : डबे, खुर्च्या, बऱ्याच बादल्या
६ – पॉलिस्टायरीन : थर्माकोल (गणपतीच्या सजावटीसाठी १ जुलै २०२२ पासून बंदी)
७ – इतर

आकडा नसेल तर लहान तुकडा पाण्यात टाकावा. २, ४ आणि ५ साधारणपणे तरंगतात. १ आणि ३ बुडतात.

निगा : आपल्या बालाघाटच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या बादल्या, खुर्च्या पांढरट होऊन तडकतात. उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होते. काळ्या टाकीत मिसळलेली काजळी हे किरण शोषते, म्हणून ती जास्त टिकते. बाकी वस्तू सावलीत ठेवाव्यात. पीईटीच्या बाटलीत उकळते पाणी भरू नये. सुमारे ७० अंशांना ती मऊ पडते. पाणी तापवायचा रॉड प्लास्टिकच्या बादलीत लावू नये. धानावर फवारायच्या औषधाचे कॅन कितीही धुतले तरी पाणी, तेल किंवा धान्यासाठी वापरू नयेत.

दुरुस्ती : पीव्हीसी पाइपला प्लंबरकडचे सोल्यूशन चालते, ते पृष्ठभाग विरघळवून दोन्ही भाग एकजीव करते. २ आणि ५ वर साधे सोल्यूशन धरत नाही. तेथे उष्णतेचा जोड हवा. आधी तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग सोल्डरिंग आयर्नने दोन्ही कडा वितळवून त्यात त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी भरावी. काम मोकळ्या हवेत करावे, मुलांना दूर ठेवावे. पीव्हीसी मात्र कधीही तापवू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो. उन्हाने भुकटी सुटू लागलेली वस्तू जोडण्यात अर्थ नाही, शेजारी पुन्हा तडकते. टाकीला असे झाले तर ती बदलावी.

निकामी प्लास्टिक शेकोटीत किंवा चुलीत घालू नये. धुऊन, सुकवून भंगारवाल्याला द्यावे.