अबकारी परवाना पद्धती, मुंबई इलाख्यातील

मद्य, ताडी व इतर मादक पदार्थ तयार करणे, बाळगणे व विकणे यांसाठी शासनाला ठराविक शुल्क देऊन अनुज्ञा मिळविण्याची पद्धती. ‘आबकारी’ हा शब्द फार्सी असून मराठीत तो ‘अबकारी’ असा रूढ झाला. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात या पद्धतीला कायद्याचे निश्चित रूप आले. मद्यपानास आळा घालणे व महसूल वाढविणे ही तिची दोन उद्दिष्टे परस्परांशी विसंगत होती. पुढील वादाचे मूळ या विसंगतीत आढळते.

पेशवाईत मद्यनिर्मितीस व विक्रीस सामान्यतः बंदी होती. थोरले माधवराव व सवाई माधवराव यांच्या काळात तिची अंमलबजावणी कडक असे. पेशव्यांच्या नोकरीतील ख्रिस्ती लोकांना मात्र स्वतःपुरती दारू गाळण्याची मुभा मिळे. इंग्रजी अंमलात मद्याकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. एखाद्या प्रदेशातील दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावाने मक्त्याने दिला जाई. मक्तेदार गावोगावी भट्ट्या लावीत. किती दारू गाळली गेली, याचा हिशेब ठेवणे त्यामुळे दुरापास्त होते.

१८७० नंतरच्या दशकात चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने ही व्यवस्था बदलली. गावभट्ट्या बंद करून सरकारी देखरेखीखालील मध्यवर्ती भट्ट्यांत दारू गाळावी आणि बाहेर पडणाऱ्या दारूवर तिच्या तीव्रतेनुसार दर गॅलनमागे कर घ्यावा, हे नव्या पद्धतीचे सूत्र होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने (१८७८ चा पाचवा) तिला भक्कम आधार दिला. परवान्याशिवाय दारू गाळणे, ताडी काढणे व विकणे हे गुन्हे ठरले. मक्तेदाराकडून किमान महसुलाची हमी घेण्याची प्रथाही पडली. हमीची रक्कम भरून काढण्यासाठी खप वाढविणे हे मक्तेदाराच्या हिताचे ठरे. नियंत्रणासाठी योजलेली पद्धती अशा रीतीने विक्रीलाच उत्तेजन देऊ लागली.

नव्या कायद्याची झळ गरीब उत्पादकांना विशेष लागली. किनारपट्टीवर माड व ताड छेदणाऱ्या भंडारी समाजाला झाडागणिक कर द्यावा लागे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील आदिवासी मोहाची फुले वाळवून अन्न म्हणून वापरीत व त्यांपासून दारूही गाळीत. १८९२ च्या मोहविषयक कायद्याने या दोन जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर व त्यांच्या विक्रीवर निर्बंध आले. पिढ्यान्‌पिढ्यांचा घरगुती व्यवहार त्यामुळे अपराध ठरला.

हा कायदा ब्रिटिश मुलखापुरताच होता. संस्थाने त्याच्या कक्षेबाहेर होती. १७३१ च्या वारणेच्या तहाने वारणा नदी ही सातारा व कोल्हापूर या राज्यांची सीमा ठरली होती. सातारचे राज्य खालसा झाल्यावर नदीच्या उत्तरेकडील वाळवे तालुका इंग्रजी सातारा जिल्ह्यात मोडू लागला. आजचे वारणानगर ज्या पन्हाळा भागात आहे, तो कोल्हापूर संस्थानात राहिला. अशा सीमांवर दोन अंमलांतील करांत तफावत असल्यास स्वस्त दारू चोरून आणण्यास वाव मिळे. गोव्याच्या सरहद्दीवरही हाच प्रश्न होता. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात मिठाबरोबर अबकारीचाही समावेश करण्यात आला होता. हा करार १८९२ मध्ये संपुष्टात आला.

लोकमताचा विरोध लवकरच प्रकट झाला. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. दुकाने उघडण्याचे परवाने सरकार देई. त्यांचे दुष्परिणाम मात्र नगरवासीयांना भोगावे लागत. दुकान असावे की नसावे, हे ठरविताना स्थानिक रहिवाशांचे मत विचारात घ्यावे, ही मागणी यातूनच बळावली. १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात राष्ट्रीय सभेने अबकारी धोरणाविषयी ठराव केला. ३० एप्रिल १८८९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात या धोरणावर टीका करणारा सॅम्युएल स्मिथ यांचा ठराव ११३ विरुद्ध १०३ मतांनी संमत झाला. त्यावर हिंदुस्थान सरकारने १८९० मध्ये आपल्या धोरणाचे समर्थन केले. कमीत कमी सेवनातून अधिकाधिक महसूल, असे त्याचे स्वरूप होते.

१८७८ चा कायदा दीर्घकाळ अंमलात राहिला. त्याची जागा १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने घेतली व ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. महाराष्ट्रात ती पुढे शिथिल झाली आणि परवान्यांची पद्धती पुन्हा विस्तारली. दुकान बंद करण्यासाठी गावातील वा प्रभागातील मतदारांचा कौल घेण्याची २००८ च्या शासकीय आदेशातील तरतूद ही एकोणिसाव्या शतकातील त्या जुन्या मागणीचेच उशिराने मिळालेले फलित म्हणता येईल.