पुळणीवरील भरती-ओहोटी, लाटा व प्रवाह (कोकण किनारा)

पुळणीवरची लाट वाऱ्याने उठते, भरतीने नव्हे. ती कुठे फुटायची, हे मात्र भरती ठरवते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. कोकणात दोन भरत्यांमधले अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटे असल्याने फुटण्याची ही रेघ दिवसभर पुढेमागे सरकत असते. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी ४ मीटरहून अधिक चढते-उतरते. मालवणात हा फरक सुमारे २ मीटर.

ओहोटीला लाटा दूर वाळूच्या बुडालेल्या बांधावर फुटतात आणि काठाशी नुसता फेस पोचतो. भरतीला त्याच लाटा बांधावरून न फुटता येतात आणि पुळणीच्या वरच्या, चढाच्या भागावर आदळतात. परतणारे पाणी पायाखालची वाळू ओढते ते इथे.

खरा धोका पाणी उतरताना. बांधाच्या आत साचलेले पाणी बांधातल्या खिंडीतून समुद्राकडे धावते. खिंडीत खोली जास्त, म्हणून तिथे लाट फुटत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे शांत, गढूळसर पट्टा दिसतो. समुद्राची सवय नसलेला पाहुणा पोहायला नेमका तोच पट्टा निवडतो! त्यात सापडल्यास काठाकडे झुंजू नये. काठाला समांतर पोहत बाहेर पडावे. खाडीच्या मुखाशी गणित वेगळे: सुकतीचा, म्हणजे ओहोटीचा, प्रवाह समोरून येणाऱ्या लाटांना उभट करतो. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी किंवा रत्नागिरीजवळ भाट्याला म्हणून पुळणीचे ठोकताळे चालत नाहीत.

भरतीचा पल्ला लाटेच्या उंचीच्या किती पट, यावर पुळणीचा स्वभाव ठरतो. हिवाळ्यात लाटा लहान, त्यामुळे भरतीचे राज्य. पावसाळ्यात लाटा वरचढ होतात आणि वरची वाळू बांधाकडे वाहून नेतात. तीच पुळण वर्षातून दोनदा जात बदलते.

किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. पण अष्टमीचा भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे चालत निघालेल्याला वेळ बरोबर सापडते, मात्र पाणी उधाणाइतके उतरलेले नसते.