‘मारतो का?’



यंदा क्षमावणीला मी नेहमीसारखे हात जोडले, पण एका मुलीला वेगळं बसवून नाव घेऊन क्षमा मागितली. कशाची, ते आधी सांगते.

२००७ ची दिवाळी. नात्यातली ही मुलगी सानगडीला आमच्याकडे आली होती. मी तांदूळ निवडत होते. ती बोलू लागली. नवरा दहा रुपयांचाही हिशेब मागतो. आईला फोन करायचा तर त्याच्यासमोर. शिकवणीला जायची, ती बंद केली. पदवीची कागदपत्रं त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. मी सुपातून मान वर न करता विचारलं, “मारतो का गं?” ती म्हणाली, “नाही काकू.” “मग! जरा कडक आहे एवढंच. संसार आहे बाई.” चहा घेऊन ती गेली. मी बीकॉम झालेली, आजही रोजचा खर्च वहीत लिहिते. हिशेब मागणारा नवरा मला गुणीच वाटला होता.

ती आठ वर्षांनी माहेरी परतली. त्यानंतर माझाच प्रश्न मला टोचू लागला आणि मी वाचायला बसले. तेव्हा कळलं, माझ्यासारखा कायदाही कितीतरी वर्षं चुकीचंच विचारत होता.

मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहून शिकत होत्या. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी यांनी बायको नांदायला यावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. बाईच्या मनाविरुद्ध तिला पाठवता येणार नाही, असं १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही म्हणाले. अपिलात ते टिकलं नाही. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. त्या काळी कायद्याचा प्रश्न होता, ‘लग्न झालंय ना?’ तिची इच्छा त्यात कुठेच बसत नव्हती.

आता जवळपास शंभर वर्षं पुढे येऊ. जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा ही नवी सून लग्नानंतर चार महिन्यांत मरण पावली. बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत तिने आपलं दुःख मांडलं होतं, ती पत्रं न्यायालयात वाचली गेली. खालच्या दोन न्यायालयांनी नवऱ्याला दोषी धरलं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खून सिद्ध होत नाही, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून त्याची निर्दोष सुटका केली. त्या निकालात शिरण्याची माझी पात्रता नाही. मनात एवढंच येतं, की ती कशी मेली यावर सगळा खटला चालला. ती कशी जगत होती, हे फक्त पुराव्यापुरतं आलं. विद्या बाळ आणि त्यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन काढून तोच विषय लोकांपुढे नेला.

१९८३ मध्ये ४९८अ कलम आलं (आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६). त्यात मानसिक त्रास आला, पण अट मोठी : बाई जीव देईल किंवा तिच्या शरीराला, मनाला गंभीर इजा होईल इतका छळ, नाहीतर पैशाअडक्याच्या मागणीसाठी छळ. म्हणजे प्रश्न झाला, ‘मरणाच्या दारात आहेस का?’

खरा बदल झाला तो कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ ने. त्यात शारीरिक आणि लैंगिक हिंसेबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक हिंसाही लिहिली आहे. घटना अहवालाच्या नमुन्यात तर चक्क यादीच आहे : नोकरी करू न देणं, अमक्या माणसाला भेटू न देणं, तिचा पगार काढून घेणं. ते वाचताना मला ती किल्ली आठवली. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. ती मुलगी माझ्या स्वयंपाकघरात बसली, तेव्हा त्याला वर्ष झालं होतं. पदवीधर काकूला पत्ताच नव्हता.

इंग्लंडमध्ये २०१५ च्या कायद्याने अशा धाकाला स्वतंत्र गुन्हा केलं. त्याला तिकडे ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ म्हणतात आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे वारंवार किंवा सतत चाललेलं वागणं बघतात. मला हे वहीवरून समजलं. एकेक पावती बघितली तर दहाच रुपये. खतावणी केली की कळतं, सगळं आयुष्य एकाच्याच खाती जमा झालंय. आपल्याकडे तो वेगळा गुन्हा नाही. पण न्यायदंडाधिकाऱ्यांकडून संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे मिळू शकतात आणि संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तारखा लांबतात, हे खरं. पण ‘मला असं झालं’ म्हणायला बाईला कागदावर जागा तरी मिळाली.

आपल्याला तर हे नवं वाटायला नको होतं. मन, वचन, काया या तिन्हींनी हिंसा होते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत मारणं आहे, तसंच बांधून ठेवणं आहे, अति भार लादणं आहे, अन्नपाणी अडवणं आहे. पाणी गाळून पिणाऱ्या आपण फक्त मारच का मोजला? हिंसा करणं, करवणं आणि तिला अनुमोदन देणं, तिन्ही सारखीच बांधतात. “संसार आहे बाई” हे माझं अनुमोदन होतं.

मी क्षमा मागितली तेव्हा ती मुलगी म्हणाली, “काकू, तुम्ही त्या दिवशी नुसतं ‘बस, आणखी सांग’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.”

म्हणून मैत्रिणींनो, कुणी मुलगी तुमच्या ओट्याशी येऊन बोलू लागली, तर ‘मारतो का?’ हा प्रश्न शेवटचा ठेवू नका. पैसे कुणाच्या हातात? फोन कुणाच्या? माहेरी शेवटचं कधी गेलीस? हे विचारा. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे बाईला मोफत वकील मिळतो, हेही सांगा. आणि ती बोलत असताना सूप बाजूला ठेवा.

मिच्छामि दुक्कडम्.