चंद्रपूरची हिमनदी

आम्हा रत्नागिरीकरांची बर्फाशी ओळख मिरकरवाड्यापुरती. होडीतून उतरलेली सुरमई पेटीत भरायची, वर बर्फाचा चुरा लोटायचा आणि पेटी मुंबईच्या वाटेला लावायची. हाताच्या उबेने विरघळणारी ही वस्तू डोंगर घासते, असे वर्गात सांगितले की मुले एकमेकांकडे पाहून हसतात. पण त्याचा पुरावा पाहायला हिमालय गाठायला नको. तो आपल्या महाराष्ट्रात आहे, आणि तोही चंद्रपूर जिल्ह्यात. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो!

वर्धा-पैनगंगेच्या संगमाजवळ इरई नावाचे गाव आहे. तिथे भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या फ्रान्सिस फेडन यांना चुनखडीचा जुना खडक वरून गुळगुळीत झालेला आणि त्यावर ओळीने ओरखडे उमटलेले आढळले. त्याच्या माथ्यावर घासलेले लहानमोठे धोंडे चिखलगाळात रुतून बसले होते. त्यांचा लेख १८७५ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी ओरिसातल्या तालचेर संस्थानातले असेच धोंडे पाहून ते बर्फाने आणले असावेत असे म्हटले होते. पण उष्ण देशात बर्फ, ही गोष्ट पुष्कळांच्या गळी उतरत नव्हती. दगडावरच्या रेघा मात्र कशा नाकारणार?

हा काळ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. आपला भूभाग तेव्हा आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांना चिकटून पार दक्षिणेकडे होता. त्या महाखंडाला शास्त्रज्ञांनी नाव दिले तेही आपल्या गोंडांच्या मुलखावरून.

पण बर्फ चालतो कसा? १८२७ साली ह्यूगी नावाच्या स्विस गृहस्थाने उंटरआर हिमनदीवर एक झोपडी बांधली. बाराएक वर्षांत ती झोपडी किलोमीटरभराहून अधिक खाली गेली होती. घर चालू लागलेले पाहिल्यावर हिमनदी चालते याबद्दल वाद उरला नाही. मग ती कधी जास्त चालते, हा प्रश्न निघाला. फोर्ब्स यांनी १८४२ च्या उन्हाळ्यात आल्प्समधल्या मेर द ग्लास या हिमनदीवर दुर्बिणीच्या यंत्राने मोजमाप केले. टिंडल १८५९ च्या डिसेंबर अखेरीस, ऐन हिमात, तिथेच गेले. थंडीतही ती चालत होती; मात्र उन्हाळ्याच्या निम्म्या वेगाने.

कारण पाण्यात आहे. उन्हाने वरचा बर्फ वितळतो, पाणी भेगांतून तळाशी जाते आणि दाबाने बर्फाला किंचित उचलते. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्याच उंटरआर हिमनदीचा पृष्ठभाग उन्हाळ्याच्या तोंडाशी वर उचलला गेल्याची नोंद आहे. आमचे खारवी पावसाळ्यापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढताना खाली तेलकट लाकडे घालतात. तसलाच हा प्रकार. गंमत पुढेच आहे. उन्हाळा मुरला की ते पाणी बर्फाखाली स्वतःचे बोगदे कोरते आणि वाहून जाते. दाब ओसरतो आणि उन्हाचा तडाखा तोच असूनही हिमनदी मंदावते. म्हणजे तिची घाई सुरुवातीची, नव्या सुनेसारखी!

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे. ते वितळलेले पाणी तळ्यात गाळ नेऊन टाकी. उन्हाळ्यात जाडसर गाळाचा थर बसे. हिवाळ्यात तळे गोठले की तरंगणारी बारीक माती सावकाश खाली येई. तालचेर काळातल्या खडकांत असे एकाआड एक पातळ पापुद्रे दिसतात, आणि अनेक भूगर्भशास्त्रज्ञ त्यांना वर्षावर्षाचे थर मानतात. स्वीडनमध्ये द येर यांनी असेच थर मोजून हजारो वर्षांचा हिशेब मांडला.

बर्फ गेल्यावर त्या गाळावर रानेच्या राने वाढली आणि गाडली गेली. बल्लारपूर-घुग्घूसच्या खाणींतला कोळसा तो हाच. आणि ज्या जातीच्या चुनखडीवर हिमनदीने रेघा ओढल्या, तिच्यावर त्या जिल्ह्यातले सिमेंटचे कारखाने चालतात. खडक पुष्कळ आहे, कारखान्यांना कमी पडणार नाही. पण रेघांचा तेवढा तुकडा मुलांना दाखवायला शिल्लक राहावा, असे मास्तर म्हणून मला फार वाटते.