मुंग्या, सावल्या आणि चौकोन

टीव्हीचं चित्र बिघडलं की लोक आधी टीव्हीला थापड मारतात, मग डब्याला शिव्या घालतात आणि सगळ्यात शेवटी वायरीकडे बघतात. माझं दुकान या उलट्या क्रमावरच चाललं. मी मूळचा धुळ्याचा, देवपूरचा. आयटीआयत रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड केला आणि दुकान टाकलं जळगावात. खान्देशात टीव्ही आला, पसरला, डिजिटल झाला, ते सगळं मी गच्च्यांवर उभं राहून पाहिलं. त्यातून एकच गोष्ट पक्की कळली: चित्र चांगलं की वाईट, हे खोक्यापेक्षा जोडावर ठरतं.

देशातला टीव्ही दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 ला सुरू झाला, मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला. पण मुंबई ते धुळे अंतर तीनशे किलोमीटरच्या वर, मध्ये सह्याद्री आडवा. टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे मुंबईचा टीव्ही म्हणजे आमच्यासाठी मुंबईला जाऊन आलेल्याच्या गप्पा. ती कोंडी उपग्रहाने फोडली. 30 ऑगस्ट 1983 ला इन्सॅट-1बी वर गेला आणि 1984 मध्ये देशभर छोटे प्रक्षेपक धडाक्याने बसले. उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम घ्यायचा आणि आजूबाजूला फेकायचा, एवढंच त्यांचं काम. ताकद 100 वॅट, पल्ला वीस-पंचवीस किलोमीटर. जळगाव शहरात चित्र स्वच्छ, पण रावेर, चोपडा, शिरपूर या बाजूच्या माणसाला उंच पाईप आणि बूस्टर घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पारोळ्यासारख्या अधल्यामधल्या गावात गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: अँटेनाचं तोंड धुळ्याकडे करायचं की जळगावकडे?

केळीचे किंवा कपाशीचे पैसे हातात आले की टीव्ही यायचा. 25 जानेवारी 1987 ला ‘रामायण’ सुरू झालं आणि शनिवार हा आमचा सगळ्यात घाईचा वार झाला, कारण रविवारी सकाळी चित्र हवंच. त्या काळात पडदा स्वतःच आपलं दुखणं सांगायचा. मुंग्या आल्या की सिग्नल कमजोर. ठिपक्यांच्या रेघा उठल्या की खालून राजदूत मोटारसायकल गेली, इंजिनाच्या ठिणगीचा तो त्रास. काळा पट्टा हळूहळू वर सरकतोय म्हणजे अर्थिंग नाही तर पॉवर सप्लायचा कंडेन्सर. आणि माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली दिसली, की लहर कुठेतरी आपटून वळसा घेऊन येतेय.

त्या सावलीचा हिशेब मांडता येतो. पडद्यावरची एक रेघ 64 मायक्रोसेकंदांची, त्यातल्या 52 मध्ये चित्र. वीस इंची टीव्हीचा पडदा साधारण 40 सेंटिमीटर रुंद. लहर 300 मीटरचा जादा वळसा घेऊन आली तर एक मायक्रोसेकंद उशिरा पोचते आणि सावली पाऊण सेंटिमीटर उजवीकडे पडते. म्हणजे पट्टी लावून सावली मोजली की वळसा किती ते कळतं. मग जिनिंगचा पत्र्याचा शेड किंवा पाण्याची टाकी शोधायची आणि अँटेना तिच्यापासून थोडा फिरवायचा. कधी सावली बाहेरची नसायचीच. अँटेना 300 ओहमचा, वायर 75 ओहमची, मधला, दोघांना जुळवणारा बालन पावसाने सडलेला. तिथे न जुळलेला सिग्नल वायरीतच मागे-पुढे करायचा. ती सावली अगदी चिकटून पडते, चित्राच्या कडा नुसत्या जाड दिसतात. गिऱ्हाईक म्हणायचं, पिक्चर ट्यूब उतरली. आम्ही बालन बदलायचो.

1991 च्या जानेवारीत आखाती युद्ध उपग्रह वाहिनीवर थेट दिसलं, त्याच वर्षी स्टार आला, 2 ऑक्टोबर 1992 ला झी. गच्चीवरच्या अँटेनांच्या जागी केबलवाल्याची काळी वायर आली, विजेच्या खांबावरून, झाडावरून, कठड्यावरून. सरकारने कायदा केला तो 1995 मध्ये, तोवर निम्म्या गल्ल्या जोडूनही झाल्या होत्या. आता चित्राची जबाबदारी घरमालकाकडून केबलवाल्याकडे गेली, पण निसर्गाचा नियम तोच. आरजी-6 वायरीच्या 100 मीटरमध्ये 55 मेगाहर्ट्झचा सिग्नल पाच-सहा डेसिबल घटतो. 550 मेगाहर्ट्झचा सोळाच्या आसपास. म्हणून गल्लीच्या टोकाच्या घरात पहिले चॅनल काचेसारखे आणि शेवटचे मुंग्यांनी भरलेले. उपाय म्हणून अॅम्प्लिफायर लावायचे. पण अॅम्प्लिफायर सिग्नलबरोबर गोंधळही वाढवतो आणि वर स्वतःचा थोडा घालतो. साखळीतले एकसारखे अॅम्प्लिफायर दुप्पट झाले की सिग्नल आणि गोंधळ यांच्यातलं अंतर 3 डेसिबलने कमी होतं. चित्र भडक दिसे, स्वच्छ नव्हे.

यातूनच एक बाजार उभा राहिला. अॅनालॉग केबलमध्ये जागा मर्यादित, त्यातही खालच्या फ्रीक्वेन्सीच्या जागा चांगल्या. तिथे बसायला वाहिन्या केबल कंपन्यांना पैसे मोजायच्या. प्रेक्षकाला वाटे, अमुक चॅनल ‘क्लिअर’ येतं म्हणजे मोठं चॅनल. खरं तर त्याने वायरीतली बरी जागा विकत घेतलेली असायची.

आमच्याकडे वायरीचा खरा वैरी पाऊस नाही, ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. गच्चीवरच्या वायरीचं काळं आवरण दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होतं आणि वळणावर तडकतं. जूनच्या पहिल्या सरीला पाणी आत शिरतं आणि जाळीतून केशनळीतल्यासारखं कित्येक फूट पुढे चढतं. असा जोड उघडला की काळ्या टेपचा चिकट लगदा बोटांना लागतो, आत पांढरट पडलेली जाळी, आणि तांब्याच्या तारेवर हिरवा थर. कित्येक ठिकाणी पिनसुद्धा नसायची. दोन तारा पिळून वर टेप गुंडाळलेली. पिन लावायची तर जाळीचा प्रत्येक केस मागे दुमडायचा, मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोनेक मिलिमीटर ठेवायची. एक केस जरी आत वळून तारेला टेकला, तरी पाठीमागचं सगळं घर अंधारात.

मग छत्र्या आल्या. डिश टीव्ही 2003 मध्ये, दूरदर्शनची फुकट सेवा डिसेंबर 2004 मध्ये, टाटा स्काय 2006 मध्ये. शेतातल्या घरावरही तेच चित्र जे शहरात. पडद्यावर दोन पट्ट्या दिसू लागल्या, एक सिग्नलची, एक क्वालिटीची. सिग्नलची पट्टी भरलेली आणि क्वालिटी शून्य, हे पाहून लोक चक्रावत. छत्रीला काहीतरी मिळतंय, पण ते आपल्या उपग्रहाचं नाही किंवा छत्रीच्या तोंडाशी असलेली एलएनबी खराब, असा त्याचा अर्थ.

केबलचं डिजिटलीकरण टप्प्याटप्प्याने झालं. महानगरांची मुदत 2012 च्या ऑक्टोबरअखेर, नाशिक-पुण्यासारख्या 38 शहरांची 2013 च्या मार्चअखेर. जळगाव-धुळे तिसऱ्या टप्प्यात. मुदत 31 डिसेंबर 2015, ती लांबत 31 जानेवारी 2017 पर्यंत गेली. मुंग्या गेल्या, सावल्या गेल्या. डिजिटल सिग्नलमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय आधीच भरलेली असते, म्हणून सिग्नल घसरत गेला तरी चित्र शेवटपर्यंत झकास दिसतं. दुरुस्तीची ताकद संपली की एकदम चौकोन पडतात आणि पाठोपाठ निळा पडदा. जोड चार महिने सडत असतो आणि घरात कुणाला पत्ता नसतो. पूर्वी गिऱ्हाईक येऊन मुंग्या की सावली ते सांगायचं, निम्मं निदान तिथेच व्हायचं. आता दारात येऊन विचारतात, “भो, टीव्हीले काय व्हयनं?” त्यांचा दोष नाही. पडद्याने सांगणं बंद केलं.

सपाट टीव्ही आले तेव्हा तर गंमतच. चाळीस इंची टीव्ही, एचडी डबा, आणि दोघांना जोडलंय पिवळ्या पिनेने! त्या एका तारेत उजेड आणि रंग मिसळून जातात. जास्तीत जास्त जुन्या टीव्हीएवढं, 576 रेघांचं चित्र मिळतं आणि लाल रंग कडेबाहेर पसरतो. एचडीचे पैसे दर महिन्याला भरायचे आणि बघायचं साधंच. एचडीएमआय लावली की तोच माणूस टीव्ही नवा आणल्यासारखा खूश. मात्र इथे महागडी सोनेरी वायर घेऊन चित्र आणखी सुधारत नाही. छोट्या अंतराला साधी धड वायर पुरते, कारण आकडे पोचले तर पूर्ण पोचतात, नाहीतर चित्र तुटतं. म्हणजे जिथे खर्च करायला हवा, त्या गच्चीवरच्या वायरीला लोक ‘साधी द्या’ म्हणतात, आणि जिथे गरज नाही तिथे सोनं मागतात. जळगाव पडलं सोन्याचं गाव!

दूरदर्शनने आपले बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपक 2022 च्या मार्चपर्यंत बंद केले. आता गल्लीत फायबर फिरतंय. त्यातही लोक ती बारीक वायर कपाटामागे काटकोनात दाबतात, प्रकाश वळणावर गळतो आणि इंटरनेटवाल्याला फोन जातो. पण एक बरं झालं. काचेची तार दाताने सोलून, पिळून, टेप लावून जोडता येत नाही. तिला स्प्लायसिंग मशीन लागतं आणि ते चालवायला शिकलेला पोरगा. खान्देशातल्या गच्चीवर निदान जोड तरी आता शिकलेल्या हातून होतोय.