सभागृहाचे नियम आणि माहिती तंत्रज्ञान कायदा (२००० ते २०१५) : एक ऐतिहासिक अभ्यास

कायद्याचा इतिहास लिहिताना त्यातील तरतुदींकडेच लक्ष दिले जाते. तो ज्या कार्यपद्धतीने संमत झाला तिची नोंद क्वचितच घेतली जाते. इंटरनेटच्या नियमनासंबंधी भारतीय संसदेत जे घडले, ते या दुर्लक्षित बाजूने पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली झाला. त्याचे दुरुस्ती विधेयक २००६ मध्ये मांडण्यात आले व स्थायी समितीकडे गेले. समितीने २००७ मध्ये अहवालही दिला. प्रत्यक्ष सभागृहात मात्र २२ डिसेंबर २००८ रोजी लोकसभेने गदारोळात, चर्चेविना विधेयकास मंजुरी दिली. दुसऱ्या दिवशी राज्यसभेनेही ते संमत केले. 'त्रासदायक' संदेशाबद्दल तीन वर्षांपर्यंत कारावास सांगणारे कलम ६६ अ याच दुरुस्तीने कायद्यात आले. या शब्दाची व्याख्या काय, हा साधा प्रश्न त्या दिवशी लोकसभेत विचारला गेला नाही. आवाजी मतदानाची सोय अशा वेळी सरकारच्या किती उपयोगी पडते, हे येथे दिसते.

याहून महत्त्वाचा भाग दुय्यम विधिनियमांचा होय. कलम ८७ नुसार केंद्र सरकारने केलेले नियम दोन्ही सभागृहांपुढे तीस दिवस ठेवावे लागतात. परंतु ते तोवर अंमलात असतातच, आणि रद्द करावयाचे तर दोन्ही सभागृहांचे एकमत लागते. म्हणजे संसदेचे मौन हीच संमती! मध्यस्थ संस्थांविषयीचे नियम एप्रिल २०११ मध्ये अधिसूचित झाले. ते रद्द करण्याचा प्रस्ताव केरळचे सदस्य पी. राजीव यांनी राज्यसभेत मांडला. मे २०१२ मध्ये त्यावर गंभीर चर्चा झाली. मंत्री कपिल सिब्बल यांनी संबंधितांशी विचारविनिमय करण्याचे आश्वासन दिले आणि प्रस्ताव फेटाळला गेला. २००८ मध्ये न झालेली चर्चा अशी साडेतीन वर्षांनी, तीही केवळ नियमांच्या निमित्ताने झाली.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पालघर येथे फेसबुकवरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६ अ घटनाबाह्य ठरविले. २०११ चे नियम रद्द झाले नाहीत. मात्र न्यायालयाचा आदेश वा शासनाची अधिसूचना असल्यासच मध्यस्थाने मजकूर काढावा, असा त्यांचा अर्थ मर्यादित करण्यात आला. पुढे २०२१ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. तेही कलम ८७ खालीच केलेले आहेत.