वैनगंगेच्या पाण्याची बातमी

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशात वैनगंगेच्या पाणलोटात अतिवृष्टी झाली, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे दरवाजे उघडले गेले आणि नदी भंडारा शहरात शिरली. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाचे सर्व 33 दरवाजे उघडावे लागले, आणि पुराचे पाणी ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीपर्यंत गावे वेढत गेले. त्या दिवसांत पाणी कोणी मोजत नव्हते असे नाही. धरणांवर मोजपट्ट्या होत्या, केंद्रीय जल आयोगाची केंद्रे होती, अभियंत्यांच्या हातात मोबाइल होते. तरी पूर ओसरल्यावर दोन राज्यांत समन्वय नव्हता, वेळेवर सूचना मिळाली नाही, हीच चर्चा सगळीकडे झाली. संवेदक, स्मार्ट मीटर आणि नियंत्रण कक्ष यांच्यावर शहरे आणि वीज-पाणी पुरवणाऱ्या संस्था आज मोठा खर्च करत आहेत. त्या खर्चातून काय साधेल हे समजून घ्यायला भंडारा जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास फार उपयोगी आहे. पाणी मोजणे, त्याची बातमी पोचवणे आणि त्या बातमीवर निर्णय घेणे, या तीन गोष्टी या जिल्ह्याने एकदा एकत्र बांधलेल्या पाहिल्या आहेत आणि पुढे एकमेकींपासून तुटलेल्याही पाहिल्या आहेत. माझे म्हणणे असे, की तुटलेल्या गोष्टी पुन्हा बांधल्या नाहीत तर नवे यंत्र फक्त बातमीचा वेग वाढवते, व्यवस्था शहाणी करत नाही.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. 1999 मध्ये गोंदिया वेगळा होण्यापूर्वीच्या मोठ्या भंडारा जिल्ह्याला तर हे नाव अधिकच शोभत होते. यातले बहुतेक जुने तलाव सरकारने बांधलेले नाहीत. धान आणि ऊस पिकवणाऱ्या कोहळी समाजाचे नाव तलावबांधणीशी कायमचे जोडलेले आहे. मध्य प्रांतातील जातिजमातींवर लिहिताना इंग्रज अधिकारी रसेल यानेही 1916 च्या ग्रंथात कोहळ्यांच्या या कौशल्याची नोंद केली, आणि आज गोंदियात असलेला नवेगावबांधचा विशाल तलाव परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. तलावांची रचना पाहिली म्हणजे बांधणाऱ्यांनी जमिनीचा उतार किती बारकाईने वाचला होता ते कळते. वरच्या तलावाच्या सांडव्यातून निघालेले पाणी खालच्या तलावात जाते, त्याचा सांडवा त्याच्याही खालच्या तलावाला भरतो, आणि पाळीखालच्या बांध्यांमध्ये पाणी एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्याकडे उतरते. अशा साखळीत एका गावाचे पाणी ही पुढच्या गावाची बातमी असते. वरची पाळ फुटली तर खालची धोक्यात येते. वरच्यांनी सांडवा उंचावला तर खालच्यांची रोवणी अडते. म्हणून तलावाची पातळी रोज पाहणे हे गावाच्या जगण्याचे काम होते. पऱ्हे टाकले, रोवणी झाली आणि पुढे हस्ताचा पाऊस दगा देऊ लागला, की तलावातले पाणी हलक्या धानाला आधी द्यायचे की भारी धानाला, किती दिवस पुरवायचे, हे ठरवावे लागे. पातळी पाहणारा, पाणी सोडणारा आणि पीक वाळले तर उपाशी राहणारा, हे सगळे एकाच गावाचे होते. या व्यवस्थेची ताकद मला इथे दिसते.

या व्यवस्थेला कागदही होता. 1860 च्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी मध्य प्रांतात गावाचा सारा भरणाऱ्या मालगुजारांना गावांचे मालकी हक्क दिले, आणि त्यासोबत गावोगावच्या रूढी लिहून घेण्याची पद्धत रुजली. वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात चराई, जळाऊ लाकूड, तलावाचे पाणी यांबाबतचे हक्क आणि कर्तव्ये नोंदवली जात. पटवारी दरवर्षी खसऱ्यात पीक आणि ओलित लिहून वर पाठवी. कोतवाल जन्म-मृत्यूची नोंद पोलीस ठाण्यात पोचवी आणि वरून आलेला हुकूम दवंडी पिटून गावाला सांगे. बातमी खालून वर आणि वरून खाली नेणारे हे जाळे माणसांच्या पायांवर उभे होते आणि हळू होते, पण प्रत्येक टप्प्यावरचा माणूस कोण हे गावाला ठाऊक होते. 1880 च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे निघाली, वरठीला स्टेशन झाले आणि रुळांबरोबर तारही आली. धान आणि पुढे तुमसर भागातले मँगनीज बाहेर नेणाऱ्या व्यापाराला तिने वेग दिला. तलावाच्या पाळीपर्यंत ती कधी पोचली नाही. जिल्ह्यातला हा पहिला वेगवान संदेशवाहक बाजाराच्या बाजूने उभा राहिला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग 1950 चा कायदा आला. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या राज्याने मालगुजारी आणि जमीनदारी हक्क रद्द केले आणि 31 मार्च 1951 पासून ते शासनाकडे गेले. लोकांच्या वापरातले तलावही त्यांबरोबर गेले. पुढे 1956 मध्ये जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात, आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. बारा वर्षांत तीन राज्ये आणि अनेक कार्यालये. सरकारी कागदावर ते ‘माजी मालगुजारी’ तलाव झाले, लोकांच्या बोलण्यात मामा तलाव. निस्तारहक्कामुळे, म्हणजे गावाच्या रूढ वापराच्या हक्कामुळे, ज्या पाण्यावर कर घेता येत नव्हता, त्याच्या दुरुस्तीवर खर्च करण्याची सरकारी खात्याला घाई नव्हती. ज्या गावाकडून मालकी गेली होती, त्याच्याकडे गाळ काढण्याचा अधिकार उरला नव्हता. पाळी खचल्या, पोटात गाळ साचला, बुडीत जमिनीवर अतिक्रमणे झाली. पातळी पाहणारे डोळे गावातच होते, पण त्या पाहण्याला उत्तर देणारे कोणी उरले नाही.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे आणि तो टाळू नये. मालगुजारी अन्यायाची होती. तलावाच्या पाण्याचा पहिला लाभ अनेकदा मालगुजाराच्या शेताला मिळे, पाळीवर माती टाकणाऱ्या हातांत वेठीचे हात असत, आणि तलावावर जगणाऱ्या ढिवर मासेमारांना किंवा मजुरांना निर्णयात स्थान नसे. ती पद्धत परत यावी असे कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण मालकी काढून घेताना माहिती आणि जबाबदारी यांची गाठ नव्याने बांधणे शक्य होते. ती सरंजामाशिवायही बांधता येते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने गेली अनेक वर्षे ढिवर समाजाबरोबर तलाव-पुनरुज्जीवनाचे काम केले आहे. कोणती वनस्पती कुठे उगवते, कोणता मासा कुठे अंडी घालतो, बेशरमाची झुडपे माजली तर काय होते, हे ज्ञान त्या समाजाकडे होतेच. मालगुजारीत त्याला किंमत नव्हती आणि खात्याच्या कारभारातही मिळाली नाही. इतिहासातून उचलायची ती मालगुजाराची खुर्ची नव्हे. परिणाम भोगणाऱ्याने केलेल्या नोंदीला निर्णयात वजन असावे, हे तत्त्व उचलायचे आहे.

दुसरा आक्षेप आकाराचा. गावतलाव आणि वैनगंगा यांची तुलना कशी व्हावी? गोसीखुर्दचे भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले, हे धरण पुढे राष्ट्रीय प्रकल्प ठरले, आणि त्याच्या मागे येणारे पाणी एका गावाच्या नजरेत मावणारे नाही. सिवनीहून वैनगंगा येते, पेंचचे पाणी घेऊन कन्हान येते, तुमसरच्या बाजूने बावनथडी येते, गोंदियातून बाघ येते. इतक्या नद्यांचा हिशेब माणसाच्या डोळ्यांनी होणार नाही. इथे स्वयंचलित पर्जन्यमापके, उपग्रहाने पाठवलेली पातळी, गणिती पूर्वानुमान हेच हवे. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि यंत्राची ही बाजू हलकी लेखणारे लेखन मला पटत नाही. पण आकार वाढला म्हणून तत्त्व बदलले नाही. ही तलावांचीच साखळी आहे, फक्त वरची पाळ आता दुसऱ्या राज्यात आहे. संजय सरोवरातून किती पाणी सुटले हा आकडा भंडारा शहरालगतच्या कारध्याच्या पुलाजवळ राहणाऱ्या माणसाला सामान उचलण्याइतका वेळ हातात असताना मिळाला, तरच तो त्याच्या उपयोगाचा. राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पामुळे 2016 पासून असे आकडे गोळा करण्याची साधने देशभर वाढली आहेत, आणि 2023 मध्ये मोबाइलवर थेट इशारा पाठवणाऱ्या यंत्रणेच्या चाचण्याही झाल्या. साधने आहेत. दरवाजे उघडण्यापूर्वी कोणत्या गावाला किती तास आधी कळवायचे आणि न कळवल्यास जबाब कोणी द्यायचा, हे मात्र संवेदक ठरवणार नाही.

एका शहराची हुशारी दुसऱ्याच्या वाट्याला काय आणते, हेही याच नदीवर दिसते. नागपूरची 2016 मध्ये स्मार्ट सिटी अभियानात निवड झाली, शहरभर ऑप्टिकल फायबर आणि कॅमेऱ्यांचे जाळे पसरले. त्याच नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येते, गोसीखुर्दच्या फुगवट्यात अडते आणि भंडाऱ्याच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होऊन बसते. नागपूरने प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला देण्याचे चांगले काम केले आहे, ते नाकारता येणार नाही. तरीही शहराच्या हद्दीत जे मोजले जाते ते त्याच्या नागरिकांसाठी, आणि हद्दीबाहेर जे वाहते त्याच्या मोजणीला मालक नाही. तलावाच्या साखळीत वरचे गाव खालच्या गावाला इतके विसरू शकत नव्हते. सांडव्यावरून भांडण व्हायचे आणि ते भांडणच एक प्रकारची यंत्रणा होती.

विजेच्या मीटरबाबतही हाच धागा आहे. 2021 मध्ये केंद्राने सुरू केलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत प्रीपेड स्मार्ट मीटरला मध्यवर्ती जागा होती. महाराष्ट्रात विरोध वाढला, विदर्भातही मोर्चे निघाले, आणि जून 2024 मध्ये सामान्य ग्राहकांना असे मीटर लावले जाणार नाहीत असे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले. पुढे पोस्टपेड स्वरूपात आणि दिवसाच्या वापरावर सवलत देत तसेच मीटर लागू लागले. मीटर आपोआप वाचला जातो, अंदाजे बिलाची कटकट जाते, कोणत्या रोहित्रावर भार जास्त आहे ते लगेच कळते, हे फायदे खरे आहेत. तरी लोकांची भीती अडाणीपणाची होती असे मी मानत नाही. आजवरचा मीटर दारात होता, त्याच्याकडे बोट दाखवून वाद घालता येत होता. नवा मीटर कंपनीला दर काही मिनिटांनी सगळे सांगतो. मात्र पुरवठा किती वेळा खंडित झाला, दाब किती खाली गेला, रोवणीच्या दिवसांत कृषिपंपाला ठरलेले तास मिळाले का, ही त्याच्याकडे असलेली माहिती ग्राहकाच्या हातात हक्काने पडत नाही. पटवाऱ्याचा खसरा निदान गावात बसून लिहिला जाई आणि ज्याचे शेत त्याला त्यावर हरकत घेता येई.

यावर असे म्हणता येईल की कायदे आहेतच. 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना लाभक्षेत्रात पाणी मोजून घेण्याचा आणि वाटण्याचा अधिकार दिला, वीजग्राहकांचे हक्क सांगणारे नियम 2020 मध्ये आले. त्यांचा उपयोग आहे. पण ते पाणी हातात आल्यानंतरचे किंवा वीज गेल्यानंतरचे बोलतात. भंडाऱ्याला आज हवा आहे तो वाजिब-उल-अर्जासारखा, गावाच्या नावाने लिहिलेला दस्तऐवज. गोसीखुर्दच्या वरच्या आणि खालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत टांगलेला, कोणत्या धरणाचा कोणता आकडा किती वाजता इथे पोचलाच पाहिजे हे सांगणारा, आणि तो पोचला नाही तर न्यायालयात पुरावा म्हणून चालणारा. संवेदक बसवण्याच्या निविदेतच ही अट घालता येते, आणि दोन्ही राज्यांच्या पाटबंधारे खात्यांनी ती पुढच्या पावसाळ्याआधी लिहून काढावी.